काकाजींचं एकशे सदुसष्ट

काकाजी गेल्याचा निरोप घेऊन त्यांचा शेजारी आला, तेव्हा माझ्या टायपिंग क्लासची संध्याकाळची बॅच बसलेली होती. परीक्षा तोंडावर होती. मी त्याला पाणी दिलं, बॅच संपवली, मशीनवर कव्हरं घातली आणि मग नागपूरच्या महाल भागात त्यांच्या घरी गेले. दारात काळ्या कोटांची गर्दी होती. जो तो दुसऱ्याला सांगत होता, असा वकील पुन्हा होणे नाही. मला रडू आलं नाही आणि मी ते आणलंही नाही. काकूजवळ बसले, आल्यागेल्याचा चहा पाहिला, रात्री परत आले. त्यानंतर एका रविवारी त्यांच्यावर मोठा लेख छापून आला. फौजदारी कायद्याचा चालताबोलता ग्रंथ, असं त्यात म्हटलं होतं. कोराडीच्या खून खटल्याचंही वर्णन होतं... पुतण्याला फाशीच्या दोरातून कसं काढलं, उलटतपासणीत सरकारी साक्षीदार कसा घामाघूम झाला. तो पुतण्या म्हणजे माझा धाकटा भाऊ वसंता. लेखातलं सगळं खरं आहे, पण ते अर्धं आहे. राहिलेलं अर्धं मी लिहिते आहे.

काकाजी माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आम्ही सावनेरचे. बाबा तिथल्या जिनिंगमध्ये मुकादम होते. मॅट्रिक झाल्यावर काकाजींनी मला नागपूरला आणलं, घरात ठेवलं, कॉलेजात घातलं आणि टायपिंग शिकायला लावलं. हे उपकार खरे आहेत, आणि ते मला विसरू द्यायचे नाहीत असं सगळ्या घराण्यानं ठरवलेलं असल्यामुळे मी ते विसरण्याचा प्रश्नच नव्हता. शिक्षण झाल्यावर मी त्यांच्याच ऑफिसात टायपिस्ट झाले. घराची पुढची खोली म्हणजे ऑफिस. पक्षकार बाहेरच्या ओट्यावर, काकाजी आत, आणि मी खिडकीशी. त्यांना फौजदारी प्रक्रियेची जुनी संहिता, म्हणजे इंग्रजांच्या वेळची, अठराशे अठ्ठ्याण्णवची, तोंडपाठ होती. पुस्तक उघडायची गरज पडली तर तो त्यांना अपमान वाटायचा. न्यायाधीश पानं चाळत असले की हे उभ्याउभ्या शब्दन् शब्द म्हणून दाखवायचे. अख्खी बार ते ऐकायला येऊन बसायची. मीही ऐकलेलं आहे. आवाज चांगला होता, हे मान्य केलं पाहिजे.

चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात ती संहिता गेली आणि नवी आली. "एक तारखेलेच लागू केली ना? मग समजून घ्या," असं काकाजी बार रूममध्ये म्हणाले आणि सगळे हसले. हा विनोद त्यांनी वर्षभर चालवला. नवीन पुस्तक त्यांनी आणलं, पण ते माझ्या टेबलावर ठेवून दिलं. कलमांचे नंबर बदलले होते. बायकोच्या पोटगीचं चारशे अठ्ठ्याऐंशी होतं ते एकशे पंचवीस झालं, जामिनाचं चारशे सत्त्याण्णव होतं ते चारशे सदतीस झालं. काकाजी जुना नंबर सांगायचे, मी नवा टाइप करायचे, आणि ते सही करताना दर वेळी सरकारला एक शिवी द्यायचे. निदान त्या निमित्तानं ती कलमं त्यांच्या नजरेखालून तरी जायची. घात झाला तो ज्यांचे नंबर बदलले नव्हते त्या कलमांनी. जमावबंदीचं एकशे चव्वेचाळीस तसंच राहिलं. आरोपीला पोलीस आणि मॅजिस्ट्रेट किती दिवस अडकवून ठेवू शकतात ते सांगणारं एकशे सदुसष्टही तसंच राहिलं. "हे पाहा, एवढे दोन-तीन शहाणे नंबर जागेवर ठेवले त्यायनं," असं म्हणून काकाजींनी ती वाचलीच नाहीत. एकशे सदुसष्टच्या पोटात काय नवीन घातलंय ते त्यांनी पाहिलं नाही.

वसंता तेव्हा कोराडीच्या वीज केंद्रावर तात्पुरत्या कामावर लागला होता. खलाशी, म्हणजे यंत्रावरचा मदतनीस. राख आणि कोळसा अंगावर घेऊन घरी यायचा, पण खूश होता. तात्पुरत्यांतून कायम कोणाला करायचं याची यादी त्याच वर्षी व्हायची होती. आमच्या घरात कायम नोकरीची ती पहिलीच आशा. बाबांनी तर सावनेरात लोकांना सांगूनही टाकलं होतं. त्याचा जोडीदार सिद्धार्थ, तोही तात्पुरताच. थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी गेटाबाहेर ठेकेदाराच्या माणसांची आणि मजुरांची मारामारी झाली. हे दोघं सोडवायला मध्ये पडले. ठेकेदाराचा एक माणूस दवाखान्यात मेला. मारणारे पळाले, सोडवणारे सापडले. दोघांवरही तीनशे दोन लागलं आणि दोघांची रवानगी सेंट्रल जेलमध्ये झाली.

आता वकील कोण करायचा, हा प्रश्न आमच्या घरात आलाच नाही. घरचा वकील असताना बाहेरचा करणं म्हणजे घरच्या वकिलाच्या तोंडात मारणं. बाबा त्याच संध्याकाळी येऊन काकाजींच्या पायांवर पडले. काकाजी म्हणाले, "उठ गा. पोरगं माहं नाही का? जामिनावर नाही, मी त्याले निर्दोष सोडवतो." बाबा रडले. मलाही तेव्हा बरं वाटलं. सिद्धार्थचं असं घरचं कोणी नव्हतं. त्याच्या आईनं वस्तीतल्या ओळखीनं गजभिये नावाचा वकील केला. सनद मिळून फार दिवस झाले नव्हते, कोट कोपरावर चकाकत होता.

पोलीस पळालेल्यांच्या मागे होते, त्यामुळे चार्जशीट लांबत चाललं होतं. दोन महिने होत आले, तेव्हा एका संध्याकाळी गजभिये आमच्या ऑफिसात आले. उभेच राहिले. काकाजी म्हणाले, "बसा. राहता कुठं?"

"इंदोऱ्यात, साहेब."

"हं," काकाजी म्हणाले. इंदोरा ही बौद्धांची वस्ती. या एका 'हं'मध्ये पुढचं सगळं ठरून गेलं. ते मी तिथं बसून ऐकलेलं आहे, म्हणून लिहिते. छप्पनच्या धम्मदीक्षेला पंधरा-अठरा वर्षं उलटून गेली होती, कायद्याच्या पुस्तकात सगळे केव्हाचे सारखे झाले होते, आणि महालातल्या त्या खोलीत वस्तीचं नाव ऐकून अजून 'हं' म्हटलं जात होतं.

गजभियेंनी नवीन संहिता उघडून टेबलावर ठेवली. म्हणाले, "साहेब, साठ दिवस उद्या भरतात. चार्जशीट अजून नाही. एकशे सदुसष्टच्या खाली नवीन परंतुक आहे. साठ दिवसांत चार्जशीट आलं नाही अन् आरोपी जामीन द्यायला तयार असला, तर त्याले सोडावंच लागते. खून असो की काही असो. मी परवा सकाळीच अर्ज लावतो. तुम्हीही वसंताचा लावा, म्हणजे दोघं संगं बाहेर येतीन. चार्जशीट येऊन पडलं की मग हा हक्क नाही राहत."

काकाजींनी पुस्तकाकडे पाहिलंही नाही. "एकशे सदुसष्ट मले तुमच्या जन्माआधीपासून पाठ आहे."

"जुनं आहे ते, साहेब."

"शालू, वकीलसाहेबांले चहा सांग." म्हणजे बोलणं संपलं. गजभिये चहा न घेता उठले. जाताना पुस्तक उघडंच ठेवून गेले, हे मुद्दाम होतं असं मला वाटतं.

मी ते पान काकाजींसमोर सरकवलं. त्यांनी चष्मा लावला. वाचलं. दोनदा वाचलं. हे मी नीट पाहिलेलं आहे, आणि म्हणूनच काकाजींना ते कलम माहीत नव्हतं असं मी कधी कोणाला म्हणू दिलं नाही. त्या संध्याकाळपासून त्यांना ते माहीत होतं. मी म्हटलं, "काकाजी, एक अर्ज टाकून तर पाहा. मी आत्ता टाइप करते. काय जाते?"

"काय जाते? माहं नाव जाते. तारखेचा हिशेब दाखवून पोरगं सोडवणं ही काय वकिली हाय वं? हे तर विनातिकीट गाडीतून उतरून पळणं हाय. अन् उद्या बारमधी म्हणतीन, त्या पोट्ट्यानं शिकवलं अन् यानं अर्ज टाकला."

"त्याची नोकरी जाईल ना."

"निर्दोष सुटलं की हजार नोकऱ्या भेटतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गजभियेंकडे गेले. ते म्हणाले, मी अर्ज टाकतो, पण तुमच्या काकांची ना हरकत लागेल, नाहीतर वसंतानं त्यांना काढून मला नेमल्याचं लिहून द्यायला पाहिजे. मी तशीच एस.टी.नं सावनेरला गेले. बाबांनी सांगितलं तर वसंता लिहून देईल, एवढंच मला पाहिजे होतं. बाबा अंगणात बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ज्यानं तुले शिकवलं, त्याच्या तोंडाले काळं फासू? लोक काय म्हणतीन, घरचा माणूस पुरला नाही?" आई आतून म्हणाली, "अहो, पोरगं घरी येते तं येऊ द्या ना." बाबांनी तिला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं. मी शेवटच्या गाडीनं परत आले.

सिद्धार्थ ठरल्या दिवशी बाहेर आला. पोलिसांना त्या अर्जानं जाग आली असावी, कारण पुढच्या दोन-चार दिवसांत चार्जशीट येऊन पडलं आणि वसंतासाठी ते दार बंद झालं. काकाजींनी मग आपल्या पद्धतीनं जामीन मागितला. जोरदार बोलले, जुने निवाडे पाठ म्हटले. खुनाचा गुन्हा म्हणून तो नामंजूर झाला. सिद्धार्थ कोराडीला जाऊन कामावर उभा राहिला. तिथले साहेब म्हणाले, आलास ना, मग लाग कामाला, पुढचं कोर्ट पाहील. कायम करायची यादी झाली तेव्हा जो हजर होता त्याचं नाव तीत आलं. जो जेलमध्ये होता त्याचं नाव कसं येणार... काकाजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पान लावता लावता विचारलं, "अन् त्या सिद्धार्थचं नाव आलं का? बरं. शेवटी कोण हसते ते पाहू."

खटला पुढच्या वर्षाच्या अखेरीस उभा राहिला. त्या लेखात जे लिहिलंय ते तेव्हा घडलं. काकाजींनी मुख्य साक्षीदाराला असं सोललं, की मारामारीच्या वेळी तो तिथं नव्हताच हे त्याच्याच तोंडून निघालं. दोघंही निर्दोष सुटले. सिद्धार्थही त्यांच्याच उलटतपासणीनं सुटला. गजभियेंनी भर कोर्टात त्यांना हात जोडले, आणि ते मनापासून जोडले होते. कोर्टाबाहेर हार आले, फोटो निघाला. वसंताच्या अंगावर शर्ट लोंबत होता. काकाजी त्याच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना म्हणाले, "पाहा, म्हटलं होतं ना, निर्दोष!" मी त्याच महिन्यात ऑफिस सोडलं आणि क्लास काढला. काकाजींनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पुढं मी पुष्कळ वकिलांचं टायपिंग केलं. कायदे बदलताना पाहिले. या दहा-बारा वर्षांत नव्या संहितेतही किती दुरुस्त्या झाल्या, बायकांसाठी दंडविधानात नवीन कलमं आली. दर वेळी कोणी ना कोणी ज्येष्ठ म्हणतोच की आमच्या वेळचं बरं होतं. मला त्याचं काही वाटत नाही. म्हाताऱ्या माणसानं जुनं धरून बसायला माझी हरकत नाही, त्याच्या मुठीत दुसऱ्याचं पोरगं नसावं एवढंच. दिल्लीत कायदा होतो, छापून येतो, आणि तरी तो जेलच्या दारापर्यंत पोचायला कोणीतरी एका कागदावर सही करावी लागते. आमच्या घरात ती सही करणारा हात फार मोठ्या माणसाचा होता.

वसंता पुन्हा कुठं नोकरीला लागला नाही. निर्दोष सुटल्याच्या निकालाची नक्कल पाहून लोक आधी विचारायचे, आत किती दिवस होता? शेवटी मोटार रिवाइंडिंग शिकला. आता मनीषनगरकडे नवी घरं होताहेत, तिकडे त्याचं छोटं दुकान आहे. पाण्याच्या मोटारी येतात, पोट भरतं. आणि दर दिवाळीला, पाडव्याच्या दिवशी, तो काकाजींकडे जायचा. ऑफिसच्या खोलीत त्यांच्यासमोर तासभर बसायचा. नातेवाईक मला ऐकवायचे, "पाहा, उपकार असे लक्षात ठेवतात." मला त्याची चीड यायची. लाचार म्हणाले होते मी त्याला एकदा, तोंडावर.

तेरवी झाल्यावर त्याच्या दुकानात गेले होते. म्हटलं, "सुटला तू एकदाचा. आता पाडव्याले जा लागत नाही."

तो तार गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "मी पाया पडाले नव्हतो जात, ताई."

"मग काहून जात होता?"

"सिद्धार्थ सुटला त्याच दिवशी मले समजलं होतं, माहा अर्ज काहून नाही पडला ते. त्याच्या वकिलानं त्याले सांगतलं, त्यानं जाताजाता मले. मग म्हटलं, काकाजी एक ना एक दिवस म्हणन, वसंता, माहं चुकलं. म्हणून जाऊन बसत होतो. लोकायसमोर नाही म्हणणार तो माणूस, म्हणून एकटाच जात होतो."

"अन्?"

"दरसाल विचारे, धंदा कसा आहे. मी म्हणे, चांगला आहे. मग पेपर उघडून तोंडासमोर धरे. मी जाईपर्यंत खाली नाही घेतला कधी."

परवा काकूचा निरोप आला, यंदाही वसंताला पाठव म्हणून. ती खोली तिनं तशीच ठेवली आहे, खुर्ची खुर्चीच्या जागी. मला वाटलं, तो नाही म्हणेल. पण त्यानं दुकानाचं शटर ओढता ओढता होकार दिला.

"जातो. बसतो जरासा. यंदा मधात पेपर तं नाही राहणार."