अर्ध्या सुरासाठी एक नळी

फॉर्मवर खोटी खूण करताना माझं बोट जराही अडखळलं नाही, हे आधीच सांगून टाकते. फॉर्म मोबाइलवर होता, मी निगडीच्या बसस्टँडवर उभी होते आणि माझी बस सुटायच्या बेतात होती. मुंबईच्या एका सिंफनी ऑर्केस्ट्रात दुसऱ्या क्लॅरिनेटची खुर्ची रिकामी झाली होती. नाव, वय, कुणाकडे शिकलात, सगळं भरून झालं आणि शेवटून दुसरा प्रश्न आला: तुमच्याकडे दोन्ही क्लॅरिनेट आहेत का? मी 'हो'वर बोट टेकवलं आणि धावत जाऊन बस पकडली.

माझ्याकडे एकच होतं.

ऑर्केस्ट्रातला क्लॅरिनेटवाला दोन वाद्यं घेऊन बसतो. दिसायला दोन्ही सारखीच काळी, पण एक दुसऱ्यापेक्षा दोन बोटं लांब आणि म्हणून अर्ध्या सुराने खाली बोलणारं. हार्मोनियमवर एका पट्टीवरून लगेच शेजारच्या पट्टीवर यावं, एवढाच फरक. बँडवाल्याला ते लांब वाद्य जन्मात लागत नाही. मी बँडमध्ये वाढलेली, त्यामुळे ते मी फक्त मोबाइलवर पाहिलेलं. पण ती खुर्ची मला हवी होती. नुसती हवी नव्हती, मी तिच्यासाठी वेडी झाले होते.

तोवर मी काय करत होते तेही सांगते. रावेतच्या सोसायट्यांमध्ये पोरांना कीबोर्ड शिकवत होते, दोन शाळांचे बँड बसवत होते आणि लग्नसराईत घोड्यापुढे फेटा बांधून वाजवत होते. कुणी काय करतेस विचारलं की मी क्लॅरिनेट वाजवते म्हणायचे, आणि समोरचा म्हणायचा, ते ठीक आहे, पण करतेस काय? आपल्याकडे या वाद्यावर पोट भरणारी माणसं शोधायला दिवा घेऊन जावं लागेल. सत्तर माणसांच्या मधोमध बसून, आजूबाजूला व्हायोलिनं उसळत असताना आपण वाजवायचं, हे मी हेडफोनमध्ये इतक्या वेळा जगले होते की कधी कधी बसमध्ये माझा स्टॉप निघून जायचा.

मला घडवलं ते देहूरोडच्या एका निवृत्त फौजीने. सैन्याच्या बँडमध्ये बावीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून मीही उस्तादच म्हणायचे. शाळेच्या बँडमध्ये मला फुंकताना ऐकून त्यांनी स्वतःहून घरी बोलावलं. मला वाटलं आता धडाधड गाणी वाजवायची. कसलं काय. पहिले दोन महिने एकच सूर, एका श्वासात, सरळ उभं राहून. सूर थरथरला की परत पहिल्यापासून. मला घाई फार, मी रडकुंडीला यायचे. मग गप्प बसायचं शिक्षण. कागदावर चाळीस मोजण्या थांबायचं असेल तर चाळीस मोजायच्या आणि एकेचाळिसाव्याला न चुकता शिरायचं. ते म्हणायचे की न वाजवणाराही ड्यूटीवरच असतो, आणि खरा वादक त्यावरून ओळखतात. बोटं सगळ्यांचीच पळतात.

फॉर्म भरून आठ दिवस झाले आणि मेल आला. परीक्षेला बोलावलं होतं. मी स्वयंपाकघरात आईला उचलून एक गिरकी घेतली, तिच्या हातातली पळी खाली पडली. मग मेलच्या खाली पाच उतारे होते ते उघडले. चौथा उतारा लांब क्लॅरिनेटसाठी लिहिलेला. गिरकी तिथेच थांबली.

उस्तादांनी तो कागद नाकाजवळ धरून वाचला. त्यांना फॉर्मवरच्या खोट्या खुणेचं काही माहीत नव्हतं. दुसरं वाद्य तिथे देतील का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ज्याचं त्याने आणायचं. त्यात काय, ते म्हणाले, आमच्या बँडमध्ये तरी कुठे होतं. लिहिलेला प्रत्येक सूर अर्धी पायरी खाली वाजवायचा. डोळे एक वाचणार, बोटं दुसरंच करणार. आम्ही लागलो त्याच्या मागे. पाच दिवसांत डोकं दुखायचं थांबलं, दहाव्या दिवशी मला ते आवडायला लागलं. पण एका ठिकाणी गाडी अडलीच. उताऱ्यातला सगळ्यात खालचा सूर माझ्या वाद्यात नव्हताच. लांब वाद्य जिथे पोचतं, तिथे पोचायला माझ्या वाद्याला दोन बोटं लांबीच कमी.

उस्तादांनी कपाटातून जाड पुठ्ठा काढला, त्याची नळी वळली आणि क्लॅरिनेटच्या खालच्या तोंडात, म्हणजे कर्ण्यासारख्या भागात, खुपसली. वाजव म्हणाले. मी सगळी भोकं बंद करून फुंकलं आणि तो सूर आला. जाडा, घोगरा, पण तोच. लांबी कमी होती ना, मग लांबी वाढवली, झालं. मात्र याची किंमत होती: नळी बसवली की माझ्या वाद्याचा मूळचा शेवटचा सूर गायब व्हायचा, कारण त्याच्याच जागी हा नवा आलेला. खालून दुसऱ्या पायरीला खड्डा. उताऱ्यात तो दुसरा सूर कुठेच नव्हता, त्यामुळे आम्ही हसलो आणि चहा प्यायलो.

पुठ्ठा मात्र श्वासाच्या ओलाव्याने दहा मिनिटांत मऊ पडायचा आणि सूर लोळायला लागायचा. ती पिचकलेली नळी मी घरी पप्पांच्या ताटाशेजारी ठेवली.

माझे पप्पा चाकणच्या एका कंपनीत टूलरूममध्ये काम करतात. माणूस अबोल. घरात बोलायचं काम आईने आणि मी वाटून घेतलेलं. त्यांनी नळी फिरवून पाहिली, बोट घालून पाहिलं आणि एवढंच विचारलं की असलं तिथं चालतं का. मी म्हटलं, चालतं. दुसरं खोटं.

गुरुवारी त्यांची सुट्टी. तळवड्यात त्यांच्या एका मित्राचा लेथचा गाळा आहे, तिथे आम्ही गेलो. पप्पांनी व्हर्नियरने माझ्या क्लॅरिनेटचं खालचं तोंड तीन ठिकाणी मोजलं, प्रत्येक वेळी दोनदा. नायलॉनचा पांढरा रॉड लेथवर चढवला. मी आयुष्यभर त्यांना घरी टीव्हीसमोर डुलक्या घेताना पाहिलेलं. मशिनवर उभं राहिलेलं पहिल्यांदाच पाहत होते. पांढरी साल गुंडाळी होऊन उडत होती आणि त्यांचे डोळे त्या रॉडवर असे खिळले होते की मला उस्तादांची आठवण झाली. नळी मुद्दाम लांब ठेवली. मी वाजवायचं, मोबाइलवरचा काटा सूर किती खाली आहे ते दाखवायचा, पप्पा केसभर कापायचे. परत वाजव. परत केसभर. आजूबाजूच्या गाळ्यांतले लोक कॉम्प्रेसर बंद करून बघायला आले. कुणीतरी म्हणालं, राव, हा कसला जॉब, ड्रॉइंग कुठंय याचं? नवव्या कापाला काटा बरोबर मधे येऊन उभा राहिला आणि हललाच नाही. मी एवढ्या जोराने ओरडले की शेजारच्या गाळ्यातला वेल्डर मास्क वर करून पाहायला लागला. पप्पांनी नळीची धार पॉलिश पेपरने मोडली, हात पुसले आणि लाइट बंद केला.

परीक्षा मुंबईत, एका नाट्यगृहाच्या तालमीच्या खोलीत होती. ऑर्केस्ट्राची निवड पडद्याआड होते हे मी ऐकलेलं, पण प्रत्यक्षात पहिल्यांदाच पाहत होते. खोलीच्या मधोमध छतापासून जमिनीपर्यंत काळा पडदा. पलीकडे परीक्षक, अलीकडे आपण. आपल्याला नाव नाही, फक्त नंबर. बाई की पुरुष हे पावलांवरूनही कळू नये म्हणून जमिनीवर सतरंजी. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे आत गेल्यावर एक शब्द बोलायचा नाही. काही विचारायचं तर अलीकडे उभ्या असलेल्या मदतनिसाच्या कानात सांगायचं, तो पलीकडे पोचवणार. मला तर आनंदच झाला. मी कुठली, कुणाची, माझ्या पिशवीत किती वाद्यं, कुणाला दिसणार नव्हतं.

पहिले तीन उतारे मी असे वाजवले की आजही आठवलं तरी हसू येतं. चौथ्याच्या आधी नळी बसवली. डोळे एक वाचत होते, बोटं दुसरंच करत होती आणि सगळं आपोआप चाललं होतं. शेवटी तो खालचा सूर आला, गोल, भरदार, खोलीच्या फरशीतून निघाल्यासारखा. पडद्यापलीकडे कुणाचं तरी पेन चालायचं थांबलं. मनात म्हटलं, मारलं मैदान.

तेवढ्यात पलीकडून चिठ्ठी आली. मदतनिसाने ती माझ्यापुढे धरली: त्याच सुरापासून अर्धी अर्धी पायरी वर या, सावकाश.

मी खालचा सूर वाजवला. पुढचा माझ्याकडे नव्हता. तोच खड्डा. मी थांबले. एक मोजलं, दोन मोजलं. तिसऱ्या पायरीवरून सुरू करावं आणि चुकल्याचं नाटक करावं, असंही मनात आलं. घाबरून चुकलेली पोरगी माफ होते. मी क्लॅरिनेट ओठांना लावलं, काढलं, परत लावलं. मदतनीस डोळ्यांनी 'वाजवा' म्हणत होता. आणि मला एकदम स्वतःचाच राग आला. एवढं सगळं खरं वाजवून आता चुकायचंही खोटंच?

"माझ्याकडे एकच क्लॅरिनेट आहे," मी पडद्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले. "फॉर्मवर खोटं लिहिलंय मी. पुढचा सूर माझ्याकडे नाही."

मदतनिसाने दोन्ही हात डोक्याला लावले. पलीकडे खुर्च्या सरकल्या, कुजबूज झाली आणि मग एका बाईंचा आवाज आला, स्वच्छ मराठीत.

"मग हा शेवटचा सूर कुठून आणलात?"

पडदा बाजूला झाला. तिघे होते. त्या बाई पिकल्या केसांच्या, स्वतः क्लॅरिनेट वाजवणाऱ्या. त्यांनी माझं वाद्य हातात घेतलं, आतली नळी ओढून काढली, प्रकाशात धरली, परत बसवली. घट्ट बसली. कुणी केली विचारलं, मी सांगितलं. मग वाद्य मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, की खोटं का लिहिलं. मी म्हटलं, खरं लिहिलं असतं तर तुम्ही बोलावलं असतं का? त्या म्हणाल्या, "नाही. नसतं बोलावलं." मग मला जायला सांगितलं. पाचवा उतारा वाजवायला लावलाच नाही.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला कपाळ टेकवून बसले होते. वाटत होतं, एका वाक्यापायी शिकण्याची नऊ वर्षं वाया घालवली. घरी फक्त परीक्षा बरी झाली म्हणून सांगितलं. उस्तादांनाही तेवढंच. तीन आठवडे मी कुणाशी धड बोलले नाही, आई म्हणायची घरात चुकल्यासारखं होतंय.

मेल आला तेव्हा मी शाळेत पोरांचा बँड घेत होते. एक सीझन ट्रायल, दुसरं क्लॅरिनेट, लांब वाद्य ऑर्केस्ट्रा वापरायला देईल. खाली एक ओळ वेगळी लिहिलेली: फॉर्म पुन्हा भरून पाठवावा, या वेळी नीट. मी पोरांना सुट्टी दिली, उस्तादांना फोन केला, त्यांना सगळं खरं सांगितलं, त्यांच्या शिव्या हसत हसत ऐकल्या आणि रिक्षा करून थेट चाकण गाठलं. पप्पांचा फोन शिफ्टमध्ये गेटवर जमा असतो. थांबण्याइतका धीर माझ्यात नव्हता.

पहिली शिफ्ट सुटली. सारख्या गणवेशातली शेकडो माणसं कंपनीच्या बसेसकडे निघाली, त्यांत पप्पा डबा हलवत येत होते. मला बघून दचकले, घरी काही झालं का म्हणाले. मी एका दमात सगळं सांगितलं. निवड झाली. आणि खूण, खोटं, पडदा, मी काय बोलले, सगळं.

"पर्मनंट?" त्यांनी विचारलं.

"नाही, पप्पा. एक सीझन ट्रायल."

त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. पाठीमागे बसचा ड्रायव्हर हॉर्न देत होता. मला वाटलं खोटं बोलल्याबद्दल रागावणार.

"मी अकरा वर्सं कॉन्ट्रॅक्टवर व्हतो," ते म्हणाले. "लई ठिकाणी बोलावंसं वाटलं. नोकरी जाईल म्हणून एकदाबी तोंड उघडलं न्हाई."

त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली, मला हाताला धरून बसमध्ये चढवलं. बस गच्च भरलेली. कुणी मोबाइलमध्ये, कुणी डोळे मिटून. माझे पप्पा, जे घरी पाणीसुद्धा खुणेने मागतात, ते पुढच्या दांड्याला धरून सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले, त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "जरा ऐका राव. मला बोलायचंय."