हिराबाईच्या विहिरीचं पाणी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईजवळ नाही, मोर्चातल्या एकाही माणसाजवळ नाही. तुम्हाला सांगतेय म्हणून लगेच पाठीवर हात ठेवायला येऊ नका. धीर नकोय मला. ऐका फक्त.

कामोठ्यात आमच्या तीन बिल्डिंगा एका रांगेत आहेत. नळ कोरडे. सकाळी पाइपातून हवा येते, शिटी वाजते – झालं पाणी! मग टँकरवाल्याच्या विनवण्या. याच शहरात टॉवरवाल्यांच्या गेटला कारंजी उडतात, आणि आमच्या कदमकाकू दोन हातांत दोन कॅन घेऊन जिन्याच्या प्रत्येक वळणावर टेकतात. यावर मी पत्रकं लिहायचे. चांगली लिहायचे. राग एवढं एकच काम मला नीट जमतं.

अशात हिराबाईचा निरोप आला. हिराबाई म्हणजे मागच्या गावठाणातली म्हातारी, मूळची इथली, एकटी. शहर वसवायला शेती सरकारने घेतली तेव्हा घराच्या मागची विहीर तेवढी राहिली. ती विहीर, पंप आणि भोवतालची चार हात जागा ती तिन्ही बिल्डिंगांना मिळून विकायला तयार होती. एक पाइपलाइन टाकायची, एक छोटा फिल्टर बसवायचा, की पाणी घरात.

पार्किंगमध्ये मीटिंग भरली. घ्यायची की नाही? पंपाचं लाइट बिल कुणी किती भरायचं? गाळेवाल्यांनी पण द्यायचं का? चावी कुणाकडे? "जाधवांकडे नको, ते आंघोळीला बसले की विहीर आटेल," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, स्वतः जाधवही. मी नाही हसले. मला दिसत होतं – हे घेणार.

मी उठले. पाणी हा आपला हक्क आहे, तो विकत घ्यायचा नाही, वगैरे. जाधव शांतपणे म्हणाले, "ताई, हक्क बरोबर आहे हो. पण तो बादलीत पडत नाही ना."

पुन्हा हसले सगळे. माझ्यावर.

आता खरं सांगू? हक्काचं मी बोलत होते ते खोटं नव्हतं. पण त्याच्या पोटात दुसरंच होतं. माझा पहिला मोर्चा ठरला होता. मी काढलेला, माझ्या नावाचा. घरात पाणी आलं तर हंडा घेऊन उन्हात कोण येणार? मला या लोकांची तहान हवी होती. आईची पण – हो, तिची पण.

पुढच्या मीटिंगला विहिरीचं पाणी दाखवायचं ठरलं. ते आणायचं काम मीच मागून घेतलं. हिराबाईने स्वतः पोहरा सोडला, बाटली भरून दिली. पाणी स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ, की मला त्याचा राग आला. असा राग कधी आलाय तुम्हाला? चांगल्या गोष्टीचा?

ते मी आमच्या गच्चीत ओतलं. टाकीच्या तळाशी गाळ साचला होता, पिवळट, वास मारणारा. तो बाटलीत घेतला, वर थोडं पाणी घातलं, हलवलं. मीटिंगमध्ये बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, तळोज्याच्या कारखान्यांचं केमिकल झिरपतंय, हे घ्या तुमचं घरचं पाणी. जाधव म्हणाले, लॅबमधून तपासून आणू. मी ओरडले, डोळे फुटलेत का? कदमकाकूंनी पदर नाकाला लावला आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशी माझं पत्रक घरोघर होतं – 'विष विकत घेऊ नका!'

मोर्चा झाला. दणक्यात झाला. पाणीखात्याच्या साहेबांनी निवेदन घेतलं, आश्वासन दिलं, नळ अजून शिटीच वाजवतो. विहीर एका टँकरवाल्याने पडत्या भावात घेतली. आज त्याच विहिरीचं पाणी टँकरमधून आमच्याकडे येतं, आणि आम्ही ते, कुठलं हे न विचारता, रांग लावून घेतो. काय वाटलं, हाच माझा गुन्हा? इथवर तर मी चारचौघांतही कबूल केलं असतं. राजकारण म्हणून खपवलं असतं.

पुढचं नाही खपत.

पत्रक वाटल्यावर गावठाणातल्या बायकांनी हळदीचं पाणी हिराबाईकडून न्यायचं बंद केलं. तिथे लग्नघरच्या बायका वाजतगाजत तिच्या विहिरीवर यायच्या, ती प्रत्येकीच्या कळशीला कुंकू लावायची. पत्रकानंतरच्या पहिल्याच लग्नाला कुणी आलं नाही. मला वाटलं, भांडायला येईल. मी उत्तरं तयार ठेवली होती. ती आली, माझ्या दारातच उभी राहिली. आवाज एकदम खाली.

"पोरी, तू शिकलेली हायस. खरा सांग. आमचा म्हातारा पोटाचे दुखन्यानं गेला. त्याला मीच पानी पाजला, रोज, माजे हातानं. त्यो या पान्यानं गेला का?"

एक शब्द पुरला असता. "नाही." बाटलीचं सांगायचीही गरज नव्हती. नुसतं "नाही, आजी". पण तेवढं म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, मग पत्रकात विष का लिहिलंस? मोर्चा तीन दिवसांवर होता.

मी म्हणाले, "असू शकतं."

तिने मान हलवली. जिना उतरून गेली, कठड्याला धरून.

हिराबाई आहे अजून. ती आता बाहेरून जार मागवते, आणि भेटेल त्याला सांगते, नवऱ्याला मीच मारला, मना समजला नाय. तिचं घर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. तुम्हाला मी सगळं सांगितलं. तिच्याकडे मी गेलेली नाही.