मुदतीतला रविवार

माझ्या या दोस्ताला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे का ते पाहायला गवंडी दोरीला वजन लावून सोडतात, तो ओळंबा. हा गडी तो न सोडताच झोक ओळखायचा आणि चूक दिसली की थर उतरवायला लावायचा, स्वतःचासुद्धा. मी सेंटरिंगवाला, स्लॅब ओतण्याआधी खाली फळ्या ठोकणारा. माझ्या फळ्यांना त्याने नावं ठेवली नाहीत असा एक स्लॅब आठवत नाही.

वयामुळे काम सुटल्यावर त्याने घरामागे लेकीसाठी खोली बांधली. नवरा गेल्यावर ती माहेरी आली होती आणि शिलाईवर पोट भरत होती. मशीन, कापायचं टेबल, उजेडाला मोठी खिडकी. माल ती कालवायची, विटा तो लावायचा. चार महिने लागले. घाई केली असती तर दोन.

शेजाऱ्याने दावा लावला की मागची भिंत त्याच्या जागेत आली आहे. कोर्टाला ते पटलं. खोली उतरवा, नाहीतर आमची माणसं येऊन पाडतील, असा निकाल झाला. अपिलाला तीस दिवस होते. मोजणीचा नकाशा आल्यावर अपील करू, असं वकील म्हणाले. नकाशा हातात पडायला शेवटचा शुक्रवार उजाडला. भिंत आपल्याच जागेत असल्याचं त्यात स्पष्ट दिसत होतं. वकील परगावी होते. सोमवारी सकाळी या, असा त्यांचा निरोप होता.

ओळंबा उखडला. त्याच्या हिशेबाने मुदत शनिवारी संपत होती. निकालाला तो कोर्टात उभा होता, म्हणून तो दिवस पहिला. साइटवर असंच मोजतात. कामावर उभा राहिलास त्या दिवसापासून हजेरी. लेक म्हणाली, वकिलांना एक फोन तरी करा.

"दिवस मोजायला वकील कशाला? जन्म हजेरीवर गेला माझा," तो म्हणाला.

शनिवारी कागद घेऊन तो एकटाच गेला. कोर्टाच्या फाटकाला कुलूप होतं. सुट्टी. साइटवर सुट्टीचा रोज बुडाला की बुडाला, तो दुसऱ्या दिवशी कोणी भरून देत नाही. त्याने धरलं की मुदत गेली.

रविवारी सकाळी त्याने मला पहार घेऊन बोलावलं. म्हणाला, परक्याने घण घातला तर घराची भिंतही हादरेल, आपणच नीट उतरवू. मी म्हटलं, उद्यापर्यंत थांब. तो खोलीच्या पत्र्यावर चढलासुद्धा. एकही वीट फोडायची नाही, असं त्याने बजावलं. लावलेली वीट अख्खी काढणं हे लावण्यापेक्षा जड काम आहे. सांधा छिन्नीने सोडवायचा, मग हलकेच उचलायची. लेक घमेल्यातून विटा अंगणात नेऊन रचत होती. खिडकी चौकटीसकट निघाली. दिवस मावळायला पाया तेवढा राहिला. मशीन स्वयंपाकघरात गेलं.

सोमवारी वकिलांना एवढंच सांगायचं होतं की आता काही करू नका. मी सोबत गेलो. वकिलांनी आम्हाला बोलूच दिलं नाही. अपील टाइप करून तयार होतं. इथे सही करा, म्हणाले, आज शेवटचा दिवस आहे.

ओळंबा म्हणाला, मुदत शनिवारीच संपली.

वकिलांनी मान हलवली. निकालाचा दिवस धरत नाहीत, मोजणी दुसऱ्या दिवसापासून. म्हणजे तिसावा दिवस रविवार. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असलं तर उघडेल त्या दिवशी अपील चालतं. "म्हणून तर सोमवारी बोलावलं तुम्हाला. आज दाखल करू आणि पाडकामाला स्थगिती मागू. खोली उभी आहे ना?"



"पाडली," ओळंबा म्हणाला.

"कोणी?"

"मीच. काल."

वकिलांनी टोपण पेनाला लावलं, परत काढलं. म्हणाले, जागेचा वाद तरी लढता येईल, सही करा. त्याने केली.

घरी लेक दारातच होती. त्याने तिला सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. ती ऐकत ऐकत अंगणात रचलेल्या विटांवर बसली.

"म्हणजे काल मी विटा वाहत होते, तेव्हा..." एवढंच ती बोलली.

तो तिच्यासमोर उभाच राहिला.