आई गं न म्हणण्याची उंची

आमच्या गल्लीत गाड्यांची कामं करणारी नऊ दुकानं आहेत आणि त्या नऊ दुकानांतला सगळ्यांत हट्टी माणूस माझ्या शेजारच्या गाळ्यात बसतो. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते, तो पिकअप गाड्यांना पायऱ्या बसवतो. पाटीवर 'साइड स्टेप बसवून मिळतील' असं लिहिलंय, पण गल्लीत तिला पायरीच म्हणतात. दाराखालून एक जाड लोखंडी नळी जाते, तिच्यावर पाय ठेवायला रबराची पट्टी असते, झालं. पण या माणसाने त्यातही शास्त्र काढलंय. "अर्धा इंच खाली हवी," "अर्धा इंच बाहेर आली," असं दिवसभर चालू असतं, म्हणून त्याचं नाव अर्धाइंच पडलं. खरं नाव मला माहीत आहे, पण ते घेतलं तर गल्लीत कुणाला कळायचं नाही.

बाकीचे लोक तयार ब्रॅकेट, म्हणजे पायरी गाडीला धरून ठेवणारे लोखंडी आधार, लावतात, बोल्ट आवळतात आणि गाडी सोडतात. अर्धाइंच आधी विचारतो, "चढणार कोण?" गिऱ्हाईक म्हणतं, "मी." "आणि शेजारी?" शेजारी आई बसणार असेल, तर आईला आणल्याशिवाय हा पान्याला हात लावत नाही. आई आली की दाराशी लाकडी फळ्या एकावर एक रचतो आणि म्हणतो, "चढा." पायरी फार वर असली तर जमिनीवरून पाय उचलताना जीव जातो, फार खाली असली तर तिथून गाडीत शिरताना जातो. आई चढते, तोंडातून "आई गं" निघतं. मग एखादी फळी घाल, एखादी काढ, पुन्हा चढा. ज्या उंचीवर "आई गं" निघत नाही ती उंची खडूने भिंतीवर लिहायची आणि त्या मापाचं ब्रॅकेट कापून वेल्ड करायचं. "टेपला गुडघे नसतात," हे त्याचं ठरलेलं वाक्य. लोक वैतागतात, घड्याळ बघतात, आणि पुढची गाडी घेतली की परत त्याच्याकडेच येतात.

एवढं करून त्याच्या स्वतःच्या पिकअपला अकरा वर्षं पायरी नव्हती. वहिनी, म्हणजे त्याची बायको, उंचीने बेताची. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळेला ती भाजीची पिशवी घेऊन यायची आणि दोघं गाडीने घरी जायचे. चढताना ती त्याच्या खांद्यावर हात टाकायची, पाय कसाबसा वर ठेवायची आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, "आई गं!" मग आत बसून मला साक्षीला घ्यायची. "बघा हो, जगाला पायऱ्या लावतात आणि बायकोला लोंबकळत ठेवतात." तो हसायचा. "उद्या लावतो." त्याला तो खांद्यावरचा हात सोडवत नव्हता, असं माझं मत आहे. विचारलं तर कबूल करणार नाही.

मग एका संध्याकाळी तो एका गिऱ्हाइकाशी अर्ध्या इंचावरून वाद घालत बसला. वहिनीने दोन हाका मारल्या. तिसरी मारली नाही. एकटीच चढायला गेली आणि पाय सटकून गुडघ्यावर आपटली. हाड मोडलं नव्हतं, पण गुडघा टम्म सुजला. मुलगी सहा तासांवरच्या शहरात असते, ती धावत आली. म्हणाली, आमच्याकडे चांगला डॉक्टर आहे, दोन महिने आईला नेते. दोन महिने संपतात तोवर नातू चालायला लागला आणि त्याच्यामागे धावायला घरात कुणीतरी हवं झालं. बघता बघता दोन वर्षं आणि चार महिने झाले.

गुडघा केव्हाच बरा झाला. नातू बालवाडीत जायला लागला. वहिनीला तिथे अडकवून ठेवणारं आता काही नव्हतं, आणि इकडे बोलावणारंही कुणी नव्हतं.

रोज दुपारी एक वाजता तो तिला फोन करतो. माझं शिलाई मशीन त्याच्या भिंतीला लागून आहे आणि ती भिंत म्हणजे नुसता पत्रा. शिवाय त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन स्पीकरवर. मी मुद्दाम ऐकत नाही, पण कानांना कव्हर शिवता येत नाही. "जेवलीस?" "जेवले. तुम्ही?" "जेवलो. नळाला पाणी कमी येतंय." "टाकीचा वॉल्व्ह बघा." "बघतो. ठेवू?" आणि ठेवतो! 'ये' हा एवढासा शब्द, पण तो त्याच्या तोंडातून निघेल तर शपथ. माझा नवरा जाऊन सात वर्षं झाली. मी 'या' म्हणायचं ठरवलं तरी मला लावायला नंबर नाही. ज्याच्याकडे नंबर आहे तो माणूस नळाचं पाणी सांगतो. संताप होणार नाही तर काय होईल?

बरं, दगड असता तर सोडून दिलं असतं. दगड नाही ना. दुकान बंद करून गाडीकडे गेला की आधी शेजारच्या बाजूचं दार उघडतो, तसाच थोडा वेळ उभा राहतो, मग दार लावून वळसा घालून आपल्या बाजूला जातो. दोन वर्षं चार महिने, रोज. मी शटर ओढताना बघते आणि न बघितल्यासारखं करते.

मागच्या सोमवारी आले तर त्याने स्वतःची पिकअप जॅकवर चढवलेली. मी विचारलं, "आता हे काय काढलंत?"

"पायरी बसवतोय. रविवारी तिला आणायला जातो."

"बोलणं झालं तिच्याशी?"

"बोलायचं काय त्यात? पायरी दिसली की कळेल."

मला हसू आलं, पण मी ते आवरलं, कारण तो एकच बोल्ट तिसऱ्यांदा पुसत होता. आणि खरी अडचण तर पुढेच होती. चढणारी व्यक्ती समोर नसताना माप घ्यायचं नाही, हा त्याचाच नियम. वहिनी सहा तासांवर. दुसरा कुणी असता तर तयार ब्रॅकेट लावून मोकळा झाला असता. हा बुधवारपर्यंत नुसता जॅकवरच्या गाडीकडे बघत बसला. गुरुवारी माझ्यासमोर एक कागद धरला. कागदावर त्याच्या घरातल्या सगळ्या पायऱ्या आणि उंबरे मापासकट लिहिलेले होते. न्हाणीघराची पायरी, साडेसहा इंच, "आई गं" नाही. स्वयंपाकघराचा उंबरा, चार इंच, नाही. अंगणातली पायरी, साडेनऊ, "आई गं" आहे. गच्चीचा जिना, आठ इंच, पहिल्या तीन पायऱ्यांना नाही, चौथीपासून आहे. माळ्यावरून डबा काढायचं स्टूल, अकरा इंच, "आई गं, मेले" असं म्हणते.

मी कागद दोनदा वाचला. अडीच वर्षं होत आली, ती बाई घरात नाही, आणि ती कुठल्या पायरीला काय म्हणायची हे या माणसाला पायरीगणिक पाठ आहे. आणि फोनवर म्हणे नळाला पाणी कमी येतंय!

"आता तुम्ही चढून बघा," तो म्हणाला. "तुमची उंची तिच्याएवढीच आहे."

"माझे गुडघे धडधाकट आहेत हो."

त्याने त्यावरही उपाय काढून ठेवला होता. माझ्याच दुकानातलं जाड रेक्झिन आणलं आणि म्हणाला, गुडघ्याला गुंडाळा, म्हणजे पूर्ण वाकणार नाही. मी साडीवरून रेक्झिन बांधलं आणि भर सकाळी गल्लीच्या देखत फळ्यांवर चढउतार केली. समोरचा टायरवाला विचारायला लागला, कसला व्यायाम आहे. बाराव्या वेळेला मी चढले आणि तोंडातून काही निघालं नाही. "हीच," तो म्हणाला आणि खडूने आकडा लिहिला. मग ब्रॅकेट कापली, वेल्ड केली, चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, भोकांतला गंज खरवडून रंग मारला, बोल्ट आवळले, सैल केले, पुन्हा आवळले. शनिवारी संध्याकाळी त्याने रबराची पट्टी ओल्या फडक्याने पुसली. गाडी जुनी होती, पण पायरी अशी बसली होती की जणू गाडीबरोबरच आली असावी.

रविवारी पहाटे तो गेला. सोमवारी सकाळी दुकान उघडलं, शेजारची सीट रिकामी.

मी चहाचा ग्लास त्याच्या पुढ्यात ठेवला आणि उभी राहिले. "काय झालं?"

"काही नाही. बसली गाडीत."

"मग?"

"एकदम आरामात चढली. तोंडातून चकार शब्द नाही. अर्धा इंचसुद्धा चूक नव्हती." एवढं सांगताना त्याचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "मग आत बसून राहिली. मी आपल्या बाजूने जाऊन बसलो. दहा मिनिटं बसलो असू. मग म्हणाली, तुम्हाला काही सांगायचंय का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, ब्रॅकेट पाच मिलिमीटरचं आहे, गंजणार नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"मग उतरली. म्हणाली, छान झालीय पायरी, जपून जा. घरात गेली. मी थोडा वेळ थांबलो गेटपाशी, मग निघालो." ग्लास बाजूला सारून तो म्हणाला, "बाई, तिला खरंच यायचं नसेल का हो?"

आता मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, ती काय लोखंडाची वाट बघत बसलीय? ती गाडीत येऊन बसल्यावर काय म्हणालात, तर ब्रॅकेट! ये म्हणायचं, चल म्हणायचं. तुझ्यावाचून माझं असं असं होतं म्हणायचं. काय होतं ते तरी सांगा, मला सांगा, मी काही ती नाही. संध्याकाळी ते दार उघडून उभे राहता तेव्हा काय होतं?"

मी ते बघते, हे त्याला माहीत नव्हतं. तो लाल झाला. "मला कामं आहेत," म्हणाला आणि एका भाजीवाल्याच्या पिकअपखाली जाऊन आडवा झाला. भाजीवाला आणि त्याची आई सकाळीच येऊन माप देऊन गेले होते, दुपारी गाडी द्यायची होती. मीही तणतणत आपल्या मशीनवर जाऊन बसले आणि एक शिवण तिरकी घातली.

एक वाजता पत्र्यापलीकडे फोन वाजला. म्हणजे यानेच लावला.

"जेवलीस?"

"जेवले. तुम्ही?"

"नाही जेवलो."

मी मशीनच्या पायट्यावरून पाय काढला.

"का?" वहिनी म्हणाली. "बरं नाही का? नळाचं काय झालं?"

"नळ ठीक आहे. वॉल्व्ह बदलून वर्ष झालं." मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, ठेवला याने, गेला कामातून. आणि मग तो बोलला, तोंडात खिळे धरून बोलावं तसा. "मला करमत नाही गं. पहिल्या दिवसापासून करमत नाही. घरी ये."

गल्लीत कुणीतरी टायर ठोकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मग फोनमधून आलं, हळू, पण अगदी स्वच्छ:

"आई गं."

"काय झालं?" हा घाबरला. "गुडघा का?"

"गुडघा नाही हो," वहिनी म्हणाली. "काल दहा मिनिटं बसले होते मी गाडीत. तेव्हा काय झालं होतं तुमच्या तोंडाला?" नाक ओढल्याचा आवाज आला. "पिशवी भरलेलीच आहे माझी. तुमची गाडी गेटाशी लागली तेव्हाच भरली होती. आत्ता निघालात तर संध्याकाळी पोहोचाल."

मी डोळे पुसून बाहेर येईपर्यंत त्याची पिकअप गल्लीच्या टोकाला पोहोचलीसुद्धा होती. पाने जमिनीवर, चहाचा ग्लास तसाच, शटर उघडं. बत्तीस वर्षांत या माणसाने कुणाचं काम अर्धवट टाकलं नव्हतं. भाजीवाल्याच्या गाडीला एका बाजूला पायरी चकचकत होती आणि दुसऱ्या बाजूला नुसती भोकं होती.

चार वाजता भाजीवाला आईला घेऊन आला. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि माझ्याकडे बघितलं. "हे काय, मिस्त्री कुठे गेले?"

"बायकोला आणायला," मी म्हटलं. "उद्यापर्यंत दोघांनी एकाच बाजूने चढा."