जोसेफमास्तरांचं पुण्य

जोसेफमास्तरांच्या घरात नवी वस्तू आली की त्याच आठवड्यात जुनी बाहेर जायची. नवा सदरा शिवला की जुना चर्चच्या फाटकाशी बसणाऱ्या कुणाच्या तरी अंगावर दिसे. "दोन झाले का एक आपला नसते गा," ते मला सांगत. "ज्याच्यापाशी नाही, त्याचा असते." नागपुरात सक्करदऱ्याला आमची आणि त्यांची भिंत एकच. आम्ही विणकर, ते कॅथलिक. पण आमच्या बाबांसकट सारा मोहल्ला त्यांना संत मानायचा. मीही मानायचो. संताबरोबर संसार करणं म्हणजे काय, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं?

ते त्यांच्या बायकोला, रोझीकाकूंना ठाऊक होतं. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस त्यांच्याकडे मटण बंद, चहातली साखर बंद. जे वाचेल ते मिशनच्या दवाखान्याला. त्याबद्दल काकूंची तक्रार नसे. "जिभेले समजावता येते," त्या माझ्या आईला म्हणत. "छातीले कसं समजावू वं?"

काकूंचं हृदय कमजोर होतं आणि डोक्यावर टिनाचं छत. रेल्वेतल्या भावाला बघवेना. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याने कूलर आणून खिडकीत बसवून दिला. दुपारी काकू त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसत आणि भिंतीपलीकडून आईला हाक मारत, "ये वं, थोडी हवा खा!" त्यांना इतकं निवांत मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

गुड फ्रायडेच्या आठवड्यात मास्तरांनी हातगाडी बोलावली. दवाखान्यात आजारी माणसं उकाड्याने तळमळत होती हे खरंच होतं. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

"मोहल्ल्यात दुसऱ्या कोणापाशी कूलर आहे काय?" ते काकूंना म्हणाले. "मंग आपल्यालेच काहून पाहिजे?"

"दान तुमच्या वस्तूचं करा न," काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. "हा माह्या भावानं मले देला. मले एकदा तरी विचारलं?"

मास्तर हसले. लहान मुलीची समजूत काढावी तसे. गाडी गेली.

ईस्टरच्या प्रवचनात फादरनी मास्तरांच्या त्यागाचा दाखला दिला. लोक वळून वळून काकूंकडेही कौतुकाने बघत होते, असं त्यांनीच आईला सांगितलं, आणि सांगताना त्या रडल्या.

मे संपता संपता नवतपा लागला, नागपूरचे सगळ्यात जळते दिवस. त्यातच काकू गेल्या. कूलर असता तर वाचल्या असत्या असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण त्या शेवटच्या दुपारी आई त्यांचं अंग ओल्या पंच्याने पुसत होती आणि मास्तर पुठ्ठ्याने वारा घालत होते, हे मी पाहिलं आहे. त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. मोहल्ला मात्र मातीला जाऊन आल्यावर म्हणाला, "किती सोसलं मास्तरांनी!"

पुढे एका संध्याकाळी मास्तर आमच्या ओट्यावर येऊन बसले. दाढी वाढलेली. मी पाणी दिलं, ते त्यांनी तसंच बाजूला ठेवलं.

"कन्फेशनले गेलो होतो," ते म्हणाले. "तिची वस्तू तिले न विचारता देऊन टाकली, हे सांगितलं. फादर म्हणाले, जोसेफ, हे पाप नाहीच. हे पुण्य आहे."

माझी नजर त्यांच्या रिकाम्या खिडकीकडे गेली.

"पापाची माफी भेटते गा," मास्तर म्हणाले. "याची कोणाले मागू?"