सांगलीत टाचून ठेवलेला कोट

१. शनिवारी सकाळच्या एस.टी.ने साताऱ्याहून सांगलीला गेले.
२. बरोबर कोटाचं कापड, अस्तर आणि मापासाठी एक जुना सदरा नेला.
३. शिंप्याने कापड बेतलं आणि कोट कच्चा टाचला.
४. रविवारी ट्रायल झाली, ती दुसऱ्याच माणसावर.
५. पक्की शिवण करून न घेता मी परत आले.

घडलं ते एवढंच. दहिवडीच्या सर्व्हे कॅम्पातल्या मंडळींना कमी पैशांत कोट शिवून घ्यायचे आहेत, आणि मी सांगलीला जाणार हे कळल्यावर कॅम्पाच्या हस्तलिखित अंकासाठी सगळं लिहून पाठवा, असा निरोप आला. म्हणून आता खुलासेवार लिहिते.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: मी साताऱ्याच्या सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन आहे. हुद्द्याचं नाव तेच आहे. बाईसाठी वेगळा शब्द कचेरीने अजून शोधलेला नाही. कॅम्पातले ओव्हरसियर प्रभाकर हे माझे पती. ते माण तालुक्यात लेव्हल घेतात, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा मोजतात, त्यांचे आकडे जीपने माझ्या टेबलावर येतात आणि मी त्यांवरून जमिनीचे छेद काढते. लग्नाला वर्ष होत आलं. एकत्र राहिलो ते फक्त सुट्ट्यांमध्ये.

महिनाअखेरीस त्यांना दिल्लीला मुलाखतीला बोलावलं आहे. निवड झाली तर नेमणूक उत्तरेत, एका धरणावर. नव्या माणसाला तिथे पहिली काही वर्षं कुटुंबासाठी घर मिळत नाही, असं कळलं. मुलाखतीला कोट हवा. काम अर्धवट टाकून त्यांना निघता येईना, म्हणून त्यांनी जीपबरोबर एक सदरा पाठवला आणि चिठ्ठीत लिहिलं, 'यावरून होईल. तुम्ही बघून घ्या.'

कापड साताऱ्यातच घ्या. पेठेत एक निवृत्त सुभेदार कटपीस विकतात. लष्करात नोकरी झाल्याने त्यांना लोकर ओळखता येते. ताग्यातलं कापड घेऊ नका, शेवटचे तुकडे मागा. कोटाला पुरेल एवढा तुकडा नव्या कापडाच्या निम्म्याहून कमी भावात मिळतो. तुकडा मुठीत घट्ट चुरगळून सोडायचा. सुरकुत्या लगेच उलगडल्या तर ठीक. मग उजेडासमोर धरून कसर लागली आहे का ते पाहायचं. टेरिलिनच्या मोहात पडू नका. महाग आहे आणि थंडीत उपयोगाचं नाही. मी गडद राखाडी रंग घेतला. सुभेदारांनी विचारलं, "मालक गोरं हायती का सावळं?"

"सावळे."

"मग ह्योच घ्या. न्हाई आवडला तर मला शिव्या घाला, त्यास्नी न्हाई."

अस्तर आणि बकरमही तिथेच घेतलं. बकरम म्हणजे कॉलर आणि छाती ताठ राहावी म्हणून आत घालायचं कडक कापड. ते स्वस्तातलं घेऊ नये. पहिल्याच धुण्यात त्याचा लगदा होतो.

सकाळच्या गाडीला उजवीकडची खिडकी धरावी. डावीकडे कराड येईपर्यंत ऊन तोंडावर येतं. उंब्रजपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे खडी टाकण्याचं काम चालू असल्याने गाडी रेंगाळते. कराडच्या स्टँडवर चहा घ्यावा, वडा घेऊ नये. इस्लामपूरच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस, आणि जागोजागी गुऱ्हाळं लागली होती. गुळाचा वास गाडीत शिरला की सगळे प्रवासी एकदम बोलायला लागतात, असं माझ्या लक्षात आलं.

माझ्या शेजारी वडूजची एक बाई होती. मांडीवरचं गाठोडं बघून तिने सरळ विचारलं, "काय हाय वं त्यात?"

"कोटाचं कापड."

"आन् त्यो सदरा?"

"मापासाठी."

तिला हसू आलं. "माजं मालक ममईला, गिरणीत. वर्साला एकदा येत्यात. मी हिकडं अंदाजानं सदरं शिवून ठिवती. दर साली ढगळं हुत्यात."

"मग माप कमी घ्यायचं."

"माप कमी केलंच की. मानूसच वाळत चाललाय, त्याला मी काय करू?" असं म्हणून तिने पदरातल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. इस्लामपूरला उतरताना म्हणाली, "तुमी दंडाला जरा सैल ठिवा. कोटात हात वर जाया पायजे. न्हाईतर टाटा कसा करनार गाडीतनं?"

सांगलीत माझी मावशी राहते, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न नव्हता. ज्यांचं कोणी नाही त्यांनी स्टँडजवळच्या धर्मशाळेत उतरावं. खोली साधी पण स्वच्छ आहे, पाणी पहाटेच भरून ठेवावं.

शिंपी म्हणजे गुलाबमास्तर. दुकान हळदीच्या पेठेच्या तोंडाशी आहे, कोणीही दाखवेल. ते पूर्वी पलटणीत शिवणकाम करत. हे आपल्याला विचारावं लागत नाही. दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या ते सांगतात की एका कर्नलसाहेबाचा मेस कोट त्यांच्या हातचा आहे, आणि साहेब तो घालून विलायतेला गेला. त्यांची पत्नी, भाभी, मागे बसून काजे करते आणि मध्ये मध्ये हुंकार देते. "विलायतेला न्हाई वं, पुन्याला गेलता," ती म्हणाली.

मास्तरांनी सदरा उलटा-सुलटा करून पाहिला. "आवं बाई, सदऱ्यावरनं कोट म्हंजी पत्रिका बगून लगीन. होतंय, पर नशिबावर."

मी सदऱ्यावरूनच मापं काढून लिहून आणली होती: छाती, कंबर, पाठीची रुंदी, बाहीची लांबी. मास्तरांनी ती वाचली आणि मान हलवली. "हे झक्कास हाय. पर ट्रायल?"

"ते येऊ शकत नाहीत."

"मग उबा मानूस लागंल."

इथली ही पद्धत कॅम्पातल्या मंडळींना उपयोगी पडेल, म्हणून नीट सांगते. या भागात घरटी एक माणूस पलटणीत. लग्न ठरतं तेव्हा नवरामुलगा सीमेवर असतो, आणि रजा हळदीच्या आदल्या दिवशी सुरू होते. तेव्हा कोट कोणावर बघायचा? त्याच छातीचा, त्याच उंचीचा माणूस पेठेतून बोलावतात आणि कच्चा कोट त्याच्या अंगावर घालून पाहतात. त्याला उभा माणूस म्हणतात. बदल्यात तो चहा आणि पान घेतो, पैसे घेत नाही. मास्तरांच्या डोक्यात पेठेतल्या सगळ्यांच्या छात्या पाठ आहेत. सदऱ्यावर हात ठेवून ते म्हणाले, "सिद्राम."

दुकानाच्या कोपऱ्यात एक तयार निळा कोट टांगलेला होता. मला वाटलं नमुना असेल. भाभी म्हणाली, "न्हाई, गिऱ्हाइकाचा हाय. पोरगं आसामात. लगीन पुडं गेलं, मग आनि पुडं गेलं. दर दिवाळीला मी ऊन दावती."

रविवारी दुपारी ट्रायल. सिद्राम हळदीच्या अडतीत पोती उचलतो. तो दारात आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे होते.

"हात धू रं गड्या!" मास्तर ओरडले. "कोट हळदीचा करतोस काय?"

"धुतलं की दोनदा. जात न्हाई. माज्या लग्नात हळद लावाय बायका आल्या तर म्हन्ल्या, ह्याला काय लावायचं राह्यलंय?"

मास्तरांनी त्याच्या हातांना जुन्या धोतराचे तुकडे गुंडाळले आणि मग कोट चढवला. पांढऱ्या धाग्याचे लांब टाके, एकच बाही, कॉलर अजून नाही. सिद्राम पाठमोरा उभा राहिला. रुंदी बरोबर होती, उंचीही. त्या कापडात, मागून, मानेपर्यंत सगळं प्रभाकरांशी जुळत होतं. मग सिद्राम वळला आणि सिद्राम दिसला.

"कसा दिसतोय वैनी? आजपातुर लय कोट घातलं, एक बी माजा न्हाई."

मास्तर खडू घेऊन भोवती फिरायला लागले. फिरता फिरता मला प्रश्न.

"मालक उबं कसं ऱ्हात्यात? छाती काडून, का जरा वाकून?"

मी विचार केला. "माहीत नाही."

"कोनचा खांदा पडतो?"

"लक्षात नाही."

"चालताना हात मागं बांदत्यात का? मग पाठीला जास्त सोडाया लागतं."

"सांगता येणार नाही."

भाभीची सुई थांबली. "लगीन झालंय न्हवं?"

"झालंय."

"नाव काय मालकांचं? पट्टीवर टाचायचं हाय."

"प्रभाकर," मी सांगितलं.

"आगं बया! उखाना न्हाई, काय न्हाई! सरळ?" ती खदखदून हसली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "ऱ्हाता कुटं तुमी दोगं?"

"ते दहिवडीला. मी साताऱ्याला."

ती पुढे हसली नाही. धागा दाताने तोडला आणि दुसरं काज घेतलं.

मला प्रभाकरांबद्दल काहीच माहीत नाही असं नाही. ते सातच्या आकड्याला आडवी रेघ मारतात. लेव्हल चुकली तर खोडत नाहीत, कंस करून बाजूला बरोबर आकडा लिहितात. पेन्सिल चाकूने तासतात, कारण टोक लांब राहतं. उन्हात काम झालं त्या दिवशीचे आकडे उजवीकडे झुकलेले असतात. हे सगळं मी कागदावरून सांगू शकते. पण माणूस स्वतः उभा कसा राहतो ते मास्तरांनी विचारलं, आणि माझ्याजवळ नोंद नव्हती. जेवढे दिवस एकत्र होतो तेवढ्यात आम्ही बहुतेक बसून बोललो, नाहीतर गाडीची वाट पाहत स्टँडवर उभे होतो. स्टँडवर मी त्यांच्याकडे पाहत नव्हते. गाडी येते आहे का ते पाहत होते.

मास्तर मागे सरकले. "बसलाय. कुटं सुरकुती न्हाई. पक्का करतो. उद्या सकाळी घेऊन जावा."

माझं काम तिथे संपत होतं. सोमवारी कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा मिळाली असती, कोट जीपने गेला असता आणि दिल्लीची तयारी पुरी झाली असती.

तेव्हा सिद्राम म्हणाला, "बसलाय खरा. पर वैनी, मी पोती उचलतो. माजा उजवा खांदा खाली गेलाय, बगा." त्याने पिवळ्या बोटाने दाखवलं. "मास्तरनं तितं खडू मारलाय. म्हंजी ह्यो कोट आता माज्या खांद्याचा झाला. मालकाच्या अंगावर एका बाजूनं लोंबंल."

"तू गप रं," मास्तर म्हणाले. "गादी घालून भरून काडतो. दिल्लीवाल्याला काय कळतंय?"

"दिल्लीवाल्याला न्हाई कळायचं," भाभी मागून म्हणाली. "ह्यास्नी कळंल." आणि सुईने माझ्याकडे दाखवलं.

मी म्हटलं, "पक्का करू नका."

मास्तरांना ते आवडलं नाही. लग्नसराई तोंडावर आहे, टाचलेला कोट जागा अडवतो, मुलाखत काय थांबणार आहे, असं बरंच बोलले. त्यांचं म्हणणं रास्त होतं. शेवटी ठरलं ते असं: येत्या रविवारपर्यंत ते कोट तसाच ठेवतील. माणूस आला तर त्याच्या अंगावर खांदा नव्याने काढतील. आला नाही तर सिद्रामच्या मापाने शिवून टाकतील आणि मी तो तसा घ्यायचा. गुरुवारी ते पुढच्या आठवड्याचं काम बेततात, त्याच्या आत त्यांना कळलं पाहिजे.

चार वाजताच्या सुमाराची गाडी मिळाली. या गाडीला गर्दी असते. मावशीने दिलेला डबा मांडीवर ठेवूनच खाल्ला. परतीच्या वाटेवर लिहिण्यासारखं विशेष नाही. साताऱ्यात उतरले तेव्हा चुलींचा धूर खाली बसला होता.

तर कॅम्पातल्या मंडळींना माझा सल्ला असा: कापड साताऱ्याला, शिवण सांगलीला, आणि मास्तरांशी भाव ठरवताना भाभीकडे बघून बोलावं, ती नवऱ्याआधी मान हलवते. पुण्याच्या तयार कोटापेक्षा हा पुष्कळ स्वस्त पडतो आणि बसतोही. पण ज्याचा कोट आहे त्याने स्वतः जावं. उभा माणूस ही चांगली सोय आहे. ज्यांना खरंच दुसरा इलाज नाही त्यांच्यासाठी.

घरी आल्यावर मी एक प्रयत्न करून पाहिला. ट्रेसिंग पेपरवर साध्या बाह्यरेषेत एक उभा माणूस काढायला घेतला. डोकं जमलं, मान जमली. खांद्यापाशी पेन उचलावं लागलं. अंदाजाने रेघ मारायची मला सवय नाही. जिथे लेव्हल घेतलेली नसते तिथे आम्ही छेद कोरा सोडतो.

मला दिल्लीला विरोध नाही, हेही इथे लिहिते, कारण चिठ्ठीत लिहिलं नव्हतं. नेमणूक झाली तर त्यांनी जावं. वाकडा कोट शिवून कोणाला अडवण्याचा माझा स्वभाव नाही. पण जाण्याआधी ते कसे उभे राहतात ते मला नीट पाहून ठेवायचं आहे, आणि त्यासाठी एक रविवार हवा आहे.

ही पानं सोमवारच्या जीपबरोबर पाठवते आहे. पुढचा मजकूर एकट्या प्रभाकरांसाठी आहे. बाकीच्यांनी सोडला तरी चालेल.

तुम्हाला दहिवडीहून मायणी-विट्यावरून सांगलीची गाडी मिळेल. मी शनिवारीच मावशीकडे जाईन. ट्रायल रविवारी दुपारी आहे. येता की नाही ते गुरुवारपर्यंत कळवा. नाही असलं तरी कळवा.