मोकळा दम

आमच्या नानांचा, म्हणजे सासऱ्यांचा, एक बैल त्यांच्याच हातून गेला. ऐंशी सालानंतरची गोष्ट, माझं नुकतंच लग्न झालं होतं. अमळनेरजवळचं गाव, घरची कपाशी. मी तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि तोंडाची फटकळ होते. अजूनही आहे.

बैल हिरव्या मक्यात घुसला आणि टम्म फुगला. नानांनी नेहमीचाच उपाय केला. गोड्या तेलात हिंग-ओवा कालवला, बैलाचं तोंड आभाळाकडे केलं, जीभ बाहेर ओढून मुठीत धरली आणि बांबूच्या नळ्याने तेल घशात ओतलं. आमच्याकडे सगळे असंच पाजत. बैलाला जोराचा ठसका लागला. "लागू दे, उतरतंय," नाना म्हणाले.

पोट उतरलं, पण श्वास बिघडला. मान लांब, नाकपुड्या फाकलेल्या, बरगड्या भात्यासारख्या हलताहेत. बैल कधी तोंडाने श्वास घेत नाही, हा घ्यायला लागला. गुरांचे डॉक्टर आले, छातीला नळी लावून उठले. म्हणाले, "जीभ धरली की जनावराला गिळता येत नाही. तेल फुफ्फुसात गेलंय. हवा आत जाते, पण रक्तापर्यंत पोचत नाही. मधे तेल आहे."

मी फळ्यावर दर वर्षी फुफ्फुसं काढायचे. प्राणवायू रक्तात जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो, दोन बाण, संपला धडा! तो बैल डोळे फाडून आमच्याकडे बघत होता आणि त्या दोन बाणांच्या मधे तेल साचलं होतं. दोन-तीन दिवसांत तो गेला. नानांनी नळा चुलीत घातला. पुढे गावात कुणाचंही जनावर फुगलं की नाना धावत जायचे आणि ओरडायचे, "आधी जीभ सोड!"

काही वर्षांनी त्यांच्याच फुफ्फुसात पाणी झालं. आडवं होता येईना. उशांना टेकून बसवलं होतं. एकदा मला जवळ बोलावून म्हणाले, "पोरी, मनी येळ उनी का मना तोंडमा काई वतू देऊ नको. दम मोकया लेऊ दे." म्हणजे शेवटच्या घडीला तोंडात काही ओतू द्यायचं नाही, श्वास मोकळा घेऊ द्यायचा.

ती वेळ आली तेव्हा यजमान शिरपूरला नोकरीवर होते. निरोप गेला होता, ते एसटीत असतील. नाना दाराकडे बघत होते. प्रत्येक श्वास ओढून आणावा लागत होता. तेवढ्यात त्यांची थोरली बहीण, आमच्या अक्का, गंगाजळाची वाटी आणि तुळशीचं पान घेऊन आल्या आणि नानांची हनुवटी वर करू लागल्या. मान मागे, तोंड वर. मला बैल दिसला. मी वाटीवर हात ठेवला.

"अक्का, नाही. ठसका लागेल."

"अगं बये, जाणाऱ्याच्या तोंडात पाणी नको?"

"जाईपर्यंत नको!"

सगळी खोली माझ्यावर तुटून पडली. मी हात काढला नाही. नाना श्वास घेत राहिले, घेत राहिले, आणि एसटी यायच्या आधीच थांबले. ठसका लागला नाही. लेकही दिसला नाही.

यजमान दारात आले तसं अक्कांनी सांगितलं, "तुझ्या बायकोने बापाच्या तोंडात थेंब पडू दिला नाही." मी त्यांना सगळं समजावलं, बैलाचं, नानांचं. "बरं," एवढंच म्हणाले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, आणि तेच मला फार लागलं. मी बरोबर होते. तरी नानांचे सुकलेले ओठ डोळ्यांसमोरून जात नाहीत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात. त्या वर्षी अक्का म्हणाल्या, हिने भरू नये. मी भरली. काठोकाठ भरली, पाटावर ठेवली आणि सगळ्यांदेखत रडत म्हणाले, "प्या आता, नाना. सावकाश प्या."